शिलाई मशीनची दोन मतं

आमच्या गावाला हिल स्टेशन कोणी केलं, हे मला अजून कळलेलं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा ते नुसतं गाव होतं. कणकुंबीच्या अलीकडचं, रानातलं, पावसाळ्यात चार महिने भिंतींना बुरशी आणि माणसांना खोकला देणारं. मग कधीतरी बेळगावच्या लोकांना धुकं आवडायला लागलं. आधी ते गाडी थांबवून फोटो काढायचे. मग चहा मागायला लागले, मग जेवण, आणि एक दिवस एकानं माझ्या धाकट्या दिराला विचारलं, "राहायची सोय आहे का?" दिरानं "आहे की" म्हणून सांगून टाकलं आणि आत येऊन आम्हाला विचारलं, "कुठं करायची?" तिथून आमच्या चार खोल्या झाल्या. आता रस्त्याला लागून डझनभर तरी रिसॉर्टं आहेत आणि प्रत्येकाच्या पाटीवर एक धबधबा आहे. खरा धबधबा एकच, तोही दिवाळीपर्यंत आटतो.

मतदानाच्या दिवशी सरकार सुट्टी देतं ती मत द्यायला. बेळगावचे लोक ती आमच्याकडं घालवतात. आदल्या दिवशी संध्याकाळपासून गाड्या घाट चढायला लागतात. शहरात मतदान कमी का होतं यावर पेपरात मोठमोठे लेख येतात. लिहिणाऱ्यांनी मला विचारलं असतं तर मी खोली नंबरासकट सांगितलं असतं.

एकदा दिराच्या मनात देशसेवा आली. त्यानं दारात पाटी लावली, 'बोटाची शाई दाखवा, चहा फुकट.' सकाळी नऊपर्यंत आमच्या झाडून सगळ्या पाहुण्यांनी मतदान केलेलं होतं. रजिस्टरला बांधलेलं बॉलपेन मात्र सुतळीसकट दोन नंबरच्या खोलीत सापडलं. पिरनवाडीच्या एका गृहस्थांनी तर उजव्या हाताच्या बोटाला शाई लावून आणली होती. दिरानं त्यांनाही चहा दिला. म्हणाला, "वैनी, निदान त्यांनी कष्ट तरी घेतले."

गावाचं मात्र उलटं. आमच्या बूथवर दुपारी तीनपर्यंत यादी संपत येते आणि कर्मचारी जांभया द्यायला लागतात. गोव्यातल्या हॉटेलांत कामाला असलेली पोरं रात्रपाळी करून सकाळच्या बसनं येतात, मत देतात, आईच्या हातचं जेवतात आणि संध्याकाळच्या बसनं परत जातात. वरच्या वाडीतल्या म्हाताऱ्यांसाठी दोन्ही पक्षांचे टेंपो येतात. म्हातारे एकाच्या टेंपोतून जातात, दुसऱ्याच्या टेंपोतून परत येतात. मत कुणाला दिलं ते दोन्ही ड्रायव्हरना सांगतात, आणि दोघांनाही वेगवेगळं. म्हणजे कुणाचं मन दुखवायला नको.

मी मूळची शहापूरची. माहेरी यंत्रमाग, दिवसभर खडखडाट, त्यामुळं घरात राजकारण बोलायचं ते ओरडूनच. कोणाचा कल कुठं ते गल्लीच्या टोकापर्यंत कळायचं. वडील आणि चुलते एकमेकांना देशद्रोही ठरवत एकाच ताटात जेवायचे. मला वाटायचं, राजकारण म्हणजे हेच. सासरी आले तर इथं कुणी ओरडतच नव्हतं. इथं वाटणी झालेली होती.

शेताची नव्हे, शेत अजून एकत्रच आहे. वाटणी पक्षांची. ती माझ्या सासऱ्यांनी केली होती. त्यांना मी मामा म्हणते, आमच्याकडची तशीच रीत; मुलं आप्पा म्हणतात. मामा गावचे पोस्टमन होते. खांद्याला पिशवी लावून त्यांनी आयुष्यभर वाड्या तुडवल्या, त्यामुळं कुठल्या घरात किती माणसं, कोण कुणाशी बोलत नाही आणि कुणाची मनिऑर्डर यायची थांबली, हे सगळं त्यांना पाठ. मी आल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी मला घराची घडी समजावून सांगितली. भात कुठं ठेवायचा, म्हशीला काय घालायचं, आणि मग त्याच सुरात, "थोरला इकडं, धाकटा तिकडं. तुझी सासू आपल्या भाषेकडं. कुठलंबी सरकार येऊ दे, कचेरीत आपलं कोणतरी पायजे."

इकडं म्हणजे कुठला पक्ष आणि तिकडं म्हणजे कुठला, ते मी लिहीत नाही. लिहिलं तर निम्मं गिऱ्हाईक तुटेल. थोरला म्हणजे माझा नवरा, तो इकडं. म्हणून मीही इकडं. रेशनकार्डावर नाव चढायच्या आधी माझा राजकीय कल ठरला होता. नवऱ्याला त्या पक्षाबद्दल विशेष प्रेम होतं असं नाही. लहानपणी दिराला पुढं झोपायला आवडायचं म्हणून ह्याला मागची खोली मिळाली, तसाच पक्षही मिळाला. सासूबाईंना भाषेचा उमेदवार दिला होता, कारण सीमेवरच्या गावात आपल्या भाषेचं एक तरी मत घरात असावं, आणि सासूबाईंशी वाद घालायला कुठलाही पक्ष येणार नाही.

पुढच्या सोप्यात एकाच खिळ्याला दोन कॅलेंडरं असायची, इकडच्या पक्षाचं आणि तिकडच्या. सरकार बदललं की वरचं खाली जायचं. रस्त्याचं काम असलं, खोल्यांचा परवाना असला, विजेचं मीटर असलं, की ज्याचं कॅलेंडर वर तो मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून बेळगावला जायचा. दुसरा त्या दिवशी म्हशी बघायचा. यात भांडण कधी झालं नाही. दोघांनाही ठाऊक होतं, पाच वर्षांनी शर्ट बदलतो.

"आणि मामा, तुम्ही कुठं?" मी नवी नवरी असूनही विचारलं.

"मी टपालवाला," मामा म्हणाले. "टपालवाल्यानं पाकीट पोचवायचं. फोडून वाचायचं नसतं."

मामांची आणखी एक खोड होती. मतदानाच्या संध्याकाळी ते धान्याच्या कोठीच्या दारावर, आतल्या बाजूनं, खडूनं आकडे लिहायचे. आमच्या बूथवर कुणाला किती मतं पडली असतील त्याचा अंदाज. मोजणी झाली की गावचे एजंट बूथचा कागद घेऊन यायचे आणि देवळाच्या पायरीवर उभं राहून वाचायचे. मामांचा अंदाज एक-दोन मतांच्या पलीकडं चुकायचा नाही. लोक म्हणायचे, मशीन बिघडलं तर पोस्टमनला विचारा.

मी आले त्याच वर्षी विधानसभा लागली. लग्नाला तीन महिने झाले होते, पण मतदार यादीत माझं नाव मामांनी आल्या आल्या चढवलं होतं. एकेक उमेदवार ताफा घेऊन येत होते. अंगणात सतरंजी, चहा, आणि मामांना एकच प्रश्न, "घरात मतं किती?" मामा म्हणायचे, "पाच." मग येणारा पाच बोटं मिटून खिशात घातल्यासारखा खूश होऊन जायचा. आठवड्यात पाच मतं चार जणांनी नेली.

एका दुपारी एक बाई वडापच्या, माणसं कोंबून नेणाऱ्या जीपमधून उतरली. अपक्ष उभी होती. खालच्या बाजूच्या कुठल्याशा गावात शिवणक्लास चालवायची आणि चिन्हही तिला शिलाई मशीनच मिळालं होतं. सोबत एक पोरगी आणि पत्रकांची पिशवी, एवढाच ताफा. पुढच्या दारी कुणी दिसलं नाही म्हणून ती मागं आली. मी झऱ्यावरून दुसरी घागर घेऊन चढत होते. तिनं पाणी मागितलं. प्याली, तांब्या स्वतः विसळला, उपडा ठेवला आणि मला विचारलं, "पाणी कुठनं आणतीस?"

"खालच्या झऱ्यावरनं."

"दिवसाला किती खेपा?"

मी सांगितलं. घरची पाच माणसं आणि वर गोठ्यातल्या म्हशी, त्यामुळं आकडा चांगलाच मोठा होता. ती बाई कसलंही आश्वासन देऊन गेली नाही. नळ आणीन म्हणाली नाही. नुसतं म्हणाली, "लई होतात गं," आणि पदर खोचून पुढच्या घरी गेली.

झालं एवढंच. पण त्या घरात येऊन मला तीन महिने झाले होते आणि माझ्या खेपा कुणी विचारल्या नव्हत्या. नवऱ्यानं नाही, सासूबाईंनी नाही. सगळे चांगलेच होते हो, पण घागर भरलेली असायची आणि ती आपोआप भरते असंच सगळ्यांना वाटायचं. मतदानाच्या दिवशी मी मशीनपुढं उभी राहिले, इकडचं बटण शोधलं, सापडलंही, आणि बोट खाली घसरून शिलाई मशीनवर गेलं. घसरलं म्हणजे मी नेलं. छातीत असं धडधडत होतं की माहेरचा माग आठवला.

त्या संध्याकाळी मामांनी कोठीच्या दारावर आकडे लिहिले. मी भाताला तांदूळ घ्यायच्या निमित्तानं बघून आले. सगळ्यांत खाली लिहिलं होतं, शिलाई मशीन, शून्य. आकडा एकनं चुकणार, पोस्टमन शोध लावणार आणि घडी मोडणारी म्हणून मी सापडणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मोजणीच्या दिवशी दुपारी एजंट आले. सगळं गाव देवळासमोर. आम्ही बायका पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर. एजंट वाचत गेला. इकडचे, तिकडचे, भाषेचे. शेवटी थांबून, गाल फुगवून म्हणाला, "आणि शिलाई मशीन, दोन!"

गाव असं हसलं की गिरणीतल्या चिमण्या उडाल्या. कुणी म्हणालं, एक शिंप्याचं आणि दुसरं त्याच्या बायकोचं. शिंपी शपथा घ्यायला लागला. कुणी म्हणालं, एका म्हाताऱ्यानं चष्मा न लावता दाबलं आणि दुसऱ्यानं त्याचं बघून. बायका हसल्या, सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मी हसले नाही, मला जमलंच नाही. मी मामांकडं बघत होते. तेही हसत नव्हते. पारावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते आणि लोकांचे चेहरे एकेक करून बघत होते, घर चुकलेलं पत्र हातात असल्यासारखे. नजर फिरत फिरत माझ्यापाशी आली. मी खाली मान घातली.

घरी आल्यावर त्यांनी शून्य तळव्यानं पुसलं आणि दोन लिहिले. कुणाला काही बोलले नाहीत. मी ठरवून टाकलं, त्यांना कळलंय आणि ते रागावलेत.

त्यात पुढं एकच गोष्ट वेगळी घडली आणि तिचा मी याच्याशी संबंध लावला नाही. पाऊस लागायच्या आत मामांनी बेळगावहून काळ्या पाईपाची भेंडोळी आणली आणि दोन्ही मुलांना कामाला लावून वरच्या बाजूच्या झऱ्याचं पाणी उतारानं मागच्या दारात आणलं. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून, असं सगळे म्हणाले. सासूबाई पाण्याला कधी जातच नव्हत्या, पण गुडघे खरंच दुखायचे.

त्या दोन मतांनी गावाला वीस वर्षं पुरेल एवढी करमणूक दिली. प्रत्येक निवडणुकीत कुणीतरी विचारायचंच, "काय, औंदा शिलाई मशीन कोण?" कोण आजारी पडून उठला, कुणाची म्हैस हरवून सापडली, की म्हणायचे, शिलाई मशीनची पुण्याई. मी प्रत्येक वेळी चहा गाळायला आत जायची. दुसरं मत कुणाचं, हा प्रश्न मला मात्र खरोखर छळायचा. एक मी. दुसरं कोण? कधी गिरणवालीकडं बघायची, कधी अंगणवाडीच्या बाईंकडं. गावात आपलं एक माणूस आहे आणि ते कोण हे माहीत नाही, हे फार चमत्कारिक असतं. नंतरच्या निवडणुकांत मी शहाण्यासारखी नवऱ्याच्या वाट्याचं बटण दाबत आले. बहुतेक वेळा.

सासूबाई गेल्या. दिराचं लग्न झालं, जाऊ आली, तीही आपोआप तिकडची झाली. मामा थकले. एका डोळ्यानं दिसेना, मग दुसऱ्यानंही नीट दिसेना, हाताला कंप सुटला. खडूचे आकडे मी लिहायला लागले, ते सांगायचे. मागच्या लोकसभेला पंच्याऐंशीच्या वरच्या लोकांचं मत घरी येऊन घेतात असं कळलं. मामा आधी तयारच होईनात. बूथवर पहिला नंबर त्यांचा असायचा, इतकी वर्षं. पण पायऱ्या चढवेनात. शेवटी फॉर्मवर अंगठा उठवताना म्हणाले, "जन्मभर मी घरोघर गेलो. एकदा त्यांनी यावं."

फॉर्म गेला आणि घरात, वीस वर्षांत पहिल्यांदा, राजकारण झालं. ज्याला दिसत नाही त्याच्या सोबत मत नोंदवायला एक माणूस बसू शकतो. तो माणूस कोण? नवरा म्हणाला, मी थोरला, मी बसणार. दीर म्हणाला, आप्पांची औषधं मी देतो, मी बसणार. वरवर सेवा, आत वेगळंच होतं. मामांचं मत कुठं जातं हे कुणालाच कधी कळलं नव्हतं, आणि आता दोघांनाही वाटत होतं की ज्याच्या पक्षावर बापाची खूण पडेल तोच बापाचा खरा लाडका. पन्नाशीतले दोन पुरुष! सोप्यातली कॅलेंडरं त्या आठवड्यात दिवसातून दोनदा खालीवर झाली. जावेनं आणि मी एकमेकींकडं बघून घेतलं.

मामांनी दोघांचं ऐकलं आणि म्हणाले, "थोरली बसंल."

मला आनंद व्हायला हवा होता. मला घाम फुटला. एवढी वर्षं मी त्यांच्या डोळ्याला डोळा न देता निभावून नेलं होतं, आणि आता पुठ्ठ्याच्या आडोशामागं मी आणि ते, दोघंच. म्हटलं, आता विचारणार. मरायच्या आधी हिशेब मिटवणार. दोन दिवस माझ्या जेवणात मीठ कमी-जास्त झालं.

पथक आलं ते सकाळी, धुक्यात, जीपमधून. दोन अधिकारी, एक पोलीस आणि एक कॅमेरेवाला. एक नंबरच्या खोलीत बेळगावची चार पोरं उतरली होती. पोलीस आणि कॅमेरा एकदम दिसल्यावर त्यांनी कुठल्या बाटल्या कुठं फेकल्या देव जाणे, म्हशीच्या वैरणीत आम्हाला नंतर दोन सापडल्या. अधिकारी मामांच्या खाटेशी वाकून म्हणाला, "अज्जा, ओट हाक्री," म्हणजे आजोबा, मत टाका. मामांनी त्याला कन्नडमध्ये त्याचं गाव, जेवण आणि रस्त्याची खबर विचारली. सरकारशी ते कन्नडमध्येच बोलतात. मराठी घरच्यांना रागवायला ठेवली आहे.

माझ्याकडून लिहून घेतलं, की हे मत मी कुणाला सांगणार नाही. मी सही केली. खाटेजवळ स्टुलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. अधिकारी खिडकीपाशी सरकले. नवरा आणि दीर दाराबाहेर उभे. एकानं झाडू घेतला होता, दुसऱ्यानं बिजागरीला तेल द्यायला घेतलं होतं. दोघांनी आयुष्यात ही कामं केली नव्हती. मी जावेला हाक मारली, "अगं, मिक्सर लाव." तिला लगेच कळलं. तिनं खोबऱ्याची चटणी लावली आणि मिक्सर थांबवलाच नाही.

त्या आवाजात मी मामांच्या कानाशी तोंड नेऊन यादी वाचली. नाव, चिन्ह. नाव, चिन्ह. शेवटपर्यंत वाचलं. मामा म्हणाले, "शिलाई मशीन हाय का?"

"न्हाय मामा. औंदा न्हाय."

"त्या वर्षी हुतं. एक माझं. दुसरं तुझं."

मी नुसतं "व्हय" म्हटलं. मग वीस वर्षांचं एकदम आलं आणि मी विचारलं, "पण तुम्ही तर शून्य लिवलंतं."

"मग काय, माझंच मत दारावर लिवू?" मामा म्हणाले. "दोन म्हटल्यावर मीच हादरलो. म्हटलं, दुसरं कोण? सगळ्यांची तोंडं बघितली. गाव हसलं. न्हाय हसलो ते आपण दोघंच."

मिक्सर चालूच होता. अधिकाऱ्यानं घड्याळ बघितलं.

"पण तुम्ही का दिलंसा तिला?"

"ती बाई परत जाताना वडापला थांबलीती. मी टपाल घिऊन तिथंच. घर कुठलं म्हणून तिनं इचारलं, म्या सांगितलं. मत माग म्हटलं तर मागीना. मला म्हणाली, अण्णा, तुमच्या सुनंच्या खेपा लई होतात, तेवढं बघा." मामांनी माझा हात चाचपून धरला. "सगळ्या वाड्यांची खबर मला. माझ्या मागच्या दाराची न्हाई. ती वडापमधनं आलेल्या बाईला दिसली. लाज वाटली पोरी. तवा मत तिला दिलं, आणि पाईप आणला."

मी रडले. तिथंच, आडोशामागं, सरकारी कागदावर थेंब पडू नये म्हणून मान वळवून रडले. काळा पाईप डोळ्यापुढं आला. किती वेळा मी त्याला ठिगळं लावली होती आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना मनातल्या मनात दुवा दिला होता. रागावलेला माणूस म्हणून मी ज्यांच्यासमोर वीस वर्षं मान खाली घातली, ते माझ्याच बाजूचे होते. आणि हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. टपालवाल्याच्या घरात एक पाकीट वीस वर्षं पडून राहिलं.

मग मामांनी मला कुठं खूण करायची ते सांगितलं. मी ती त्यांच्या बोटाला पेन धरवून, वर माझा हात ठेवून केली. कुठं केली ते लिहिणार नाही, सही केली आहे. घडी घातली, लखोटा बंद केला, चिकटवला. मामांनी तो चाचपून बघितला आणि म्हणाले, "नीट चिकटलंय." जन्माची सवय.

एकच गोष्ट त्यांना खटकली. त्यांनी बोट पुढं केलं आणि अधिकारी म्हणाला, अज्जा, या मतदानाला आम्ही शाई लावत नाही. "शाई न्हाय? मग मत दिलं ह्ये गावाला कळणार कसं?" मामा सरकारवर पहिल्यांदा मराठीत चिडले. पथक गेलं. मिक्सर थांबला. चटणी इतकी बारीक झाली होती की नाश्त्याला पोरांनी ती भाकरीला लोण्यासारखी फासली.

नवरा आणि दीर माझ्या मागं आत आले. "काय म्हणाले आप्पा? कुणीकडं?" दोघांनी एकदम विचारलं. माझे डोळे लाल बघून दोघांनीही आपापल्या सोयीचा अर्थ काढला होता.

"मी टपालवाल्याची सून," मी म्हटलं. "पाकीट पोचवलं. फोडलं न्हाय."

काही दिवसांनी खरं मतदान झालं. चारही खोल्या भरलेल्या. दिराची पाटी दारात. मी सकाळीच बूथवर जाऊन आले. माझं मत कुठं गेलं ते विचारू नका, पण ते वाटणीतलं नव्हतं. परत आले तेव्हा मामा अंगणात खुर्चीवर उन्हाला बसले होते आणि बेळगावचे पाहुणे एकेक करून बॉलपेननं निळं केलेलं बोट दाखवून फुकटचा चहा घेत होते.

"आप्पा, शाई दाखवा, मगच चहा," दिरानं चेष्टेनं म्हटलं. मामांचं तोंड उतरलं. साठ-पासष्ट वर्षांत त्या दिवशी त्यांचं बोट पहिल्यांदा कोरं होतं. लोक येता-जाता विचारत होते, काय पोस्टमन, औंदा मत न्हाय?

मी रजिस्टरचं पेन सुतळीतून सोडवून आणलं. मामांच्या खुर्चीशी बसले, त्यांचा डावा हात मांडीवर घेतला आणि तर्जनीच्या नखावर एक ठसठशीत रेघ ओढली. गावभर खोट्या शाईचं ते एकच बोट असं असेल, ज्याच्यामागं खरं मत होतं.

"लागली?" त्यांनी विचारलं.

"लागली, मामा."

त्यांनी माझा हात चाचपून शोधला. माझं शाईचं बोट त्यांनी आपल्या बोटाशेजारी लावलं, दोन्ही बोटं डोळ्यांजवळ नेली, जेवढं दिसतं तेवढं बघितलं. मग देवळाच्या पायरीवरच्या एजंटासारखे गाल फुगवून म्हणाले, "दोन."

या वेळी आम्ही दोघंही हसलो. अंगणातल्या कुणालाच कळलं नाही का ते.